निरीक्षणगृहातील उमेदवारी

निरीक्षणगृहाच्या फाटकापाशी एका लाकडी मेजावर जी नोंदवही ठेवलेली असे तिच्यात येणाऱ्या प्रत्येक इसमाचे नाव, येण्याची वेळ आणि कामाचे स्वरूप अशी तीन सदरे आखलेली होती. आणि पहिल्या दिवशी, तिसऱ्या सदरात काय लिहावे याचा उलगडा न होऊन मी लेखणी हातात धरून उभी आहे असे पाहिल्यावर, पहारेकरीकाकांनी वही आपल्याकडे ओढून घेतली आणि माझ्या नावापुढे वळणदार अक्षरात ‘मुले तपासणे’ असे लिहून टाकले. २०१८ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत, दर सोमवारी आणि गुरुवारी, मी त्या वहीत सही करीत राहिले आणि प्रत्येक वेळी ते दोन शब्द, आता माझ्या स्वतःच्या हाताने, लिहीत राहिले. त्यांहून योग्य शब्द मला पुष्कळ दिवस सापडले नाहीत.

भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या चिकित्सा-मानसशास्त्राच्या दोन वर्षांच्या एम.फिल. शिक्षणक्रमात मी त्या वेळी शिकत होते, आणि दुसऱ्या वर्षी प्रशिक्षणार्थ्यांना रुग्णालयाच्या कक्षाबाहेरही काही काळ उमेदवारीस धाडण्याचा आमच्या संस्थेत प्रघात होता. कोणी विशेष मुलांच्या शाळेत गेले, कोणी व्यसनमुक्ती केंद्रात. माझ्या वाट्याला पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणचे हे मुलांचे निरीक्षणगृह आले. गावातले रिक्षावाले त्याला अजून ‘रिमांड होम’च म्हणत, आणि तेथल्या मुलांना दप्तरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हटलेले असले, तरी त्या रिक्षावाल्यांच्या बोलण्यात त्यांना एकच शब्द होता, ‘तिथली पोरं’.

ज्या मुलाविषयी मी येथे मुख्यतः लिहिणार आहे त्याचे नाव, त्याचे गाव आणि त्याच्यावरील आरोप मी सांगणार नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असे काही तपशीलही मी बदललेले आहेत. बाल न्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमाने अशी ओळख उघड करण्यास मनाई केली आहे हे तर खरेच. परंतु ते कलम नसते तरीही, ज्या मुलाची हकीकत इतक्या लोकांनी इतक्या वेळा कागदावर उतरवून घेतली, त्याच्या नावावर आणखी एक कागद मी चढविला नसता.

आपल्याकडे या संस्थांचा इतिहास तुरुंगाच्या भिंतीला लागूनच वाढलेला आहे. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला कसबी माणसाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून ठेवावे, अशी तजवीज १८५० च्या कायद्याने केली. पुढे मुंबईत ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी कोल्हापूर प्रकरणातील शिक्षेचे एकशे एक दिवस काढले, त्याच उमरखाडीच्या आवारात पुढे मुलांना ठेवण्याची व्यवस्था झाली. आम्हां विद्यार्थ्यांना ते आवार एकदा दाखविण्यात आले होते, आणि इतिहासाच्या पुस्तकात ज्या भिंतींविषयी आम्ही अभिमानाने वाचले होते त्या भिंतींच्या आतील सावलीत दहा-बारा वर्षांची मुले ओळीने उकिडवी बसलेली पाहून आमच्यापैकी कोणालाच परतीच्या वाटेवर फारसे बोलवले नाही.

आमच्या शास्त्राचे आणि या मुलांचे नातेही जुने आहे. मुलांसाठीचे पहिले स्वतंत्र न्यायालय १८९९ मध्ये शिकागो येथे सुरू झाले, आणि त्या न्यायालयासमोर येणारे मूल असे का वागते हे समजून घेण्यासाठी १९०९ साली विल्यम हीली नावाच्या डॉक्टरांनी तेथे जे केंद्र उघडले, त्यातूनच बालमार्गदर्शनाची सारी चळवळ उभी राहिली. मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयात तसे केंद्र १९३७ मध्ये निघाले. तेव्हा आम्ही न्यायालयाच्या दारात पाहुणे म्हणून गेलो असे म्हणता येणार नाही. आमचा जन्मच त्या उंबऱ्यावर झालेला आहे, आणि उंबऱ्यावर जन्मलेल्याला आत आणि बाहेर अशा दोन्ही बाजूंना उत्तर द्यावे लागते. ही गोष्ट मी व्याख्यानात ऐकली होती. तिचा अर्थ मला त्या मुलाने शिकविला.

तेथील दिवसाचा क्रम हजेरीने बांधलेला होता. सकाळी उठल्यावर मोजणी, प्रार्थनेला मोजणी, न्याहारीला, वर्गाला, जेवणाला आणि दिवेलागणीला पुन्हा मोजणी. काळजीवाहक काका बोटाने हवेत टिचकी मारल्यासारखे करीत ओळीवरून चालत जात आणि संख्या जुळली की फळ्यावर खडूने आकडा लिहीत. मुलांना त्याची इतकी सवय झालेली होती की, माझ्याशी बोलता बोलता व्हरांड्यातून पावलांचा आवाज आला, की समोरचे मूल वाक्य अर्धे टाकून उठून उभे राही आणि आकडा होऊन परत आल्यावर ते वाक्य त्याला पुन्हा सापडत नसे. मला बसण्यासाठी जी खोली दिली होती ती पूर्वी शिवणवर्गाची होती. भिंतीशी पायाने चालवायची तीन यंत्रे मेणकापड पांघरून उभी होती, एका कोपऱ्यात घोंगड्यांच्या घड्या रचलेल्या होत्या, आणि मधोमध एक मेज व दोन खुर्च्या. त्या मेजावर मी चाचण्यांची पेटी उघडीत असे.

या ठिकाणी कायद्याचा थोडा खुलासा करणे भाग आहे, कारण पुढचे सारे त्याच्यावर अवलंबून आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला, आणि त्याच्या १५ व्या कलमाने असे ठरविले की, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर, ज्याला किमान सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याचे प्राथमिक मूल्यनिर्धारण करावे: तो गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्याच्यात होती काय, त्याच्या परिणामांची समज त्याला होती काय, आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला असे म्हटले जाते. दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते अशा तिघांच्या मंडळाला त्यासाठी मानसशास्त्रज्ञाचे साह्य घेता येते. मुलाला प्रथम हजर केल्यापासून तीन महिन्यांची मुदत. त्या मूल्यनिर्धारणानंतर प्रकरण मंडळाकडेच राहिले, तर मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. ते बाल न्यायालयाकडे गेले, तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. (मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकृतिशास्त्राचा व्यावसायिक नसेल, तर असे साह्य घेणे बंधनकारकच समजावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले; माझ्या उमेदवारीच्या काळात तो निर्णय अजून व्हायचा होता.)

मला त्या कलमाची अडचण प्रथमपासून जाणवे आणि आजही जाणवते. कायदा स्वतःच सांगतो की हे मूल्यनिर्धारण म्हणजे खटला नव्हे, आणि मूल निर्दोष आहे असेच गृहीत धरावयाचे आहे. म्हणजे जे कृत्य त्याने केले असे अद्याप ठरलेले नाही, त्या कृत्याचे परिणाम त्याला त्या क्षणी कळत होते काय, हे आम्ही दोन-अडीच महिन्यांनंतर, एका बंद खोलीत, दिवसाउजेडी, लाकडी ठोकळे मांडून शोधावयाचे. आमच्या चाचण्या आजचे मूल मोजतात. त्या रात्रीचे मूल त्यांच्या हाती लागत नाही.

आरोपातील घटनेच्या दिवशी तो मुलगा दप्तराप्रमाणे सोळा वर्षे आणि अडीच महिन्यांचा होता. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून लिहिलेली होती. आपल्या खेड्यापाड्यांत एका पिढीच्या जवळजवळ निम्म्या पोरांचा जन्म १ जूनला झालेला दिसतो, कारण नाव घालायला आणलेल्या पोराची तारीख आईबापांना सांगता आली नाही, की शाळा सुरू होण्याच्या सुमारास वय भरेल अशी तारीख गुरुजी स्वतःच घालीत. त्यात पोर एक वर्ष लवकर शाळेत बसावे, एवढाच सद्भाव असे. या मुलाची आई, टोळीबरोबर ऊसतोडीला निघण्याच्या आधी, एकदा भेटीला आली होती तेव्हा मला म्हणाली, “पोळ्याच्या आदल्या दिवशी झालाय ह्यो. बैलं धुवून आणली आन् मला कळा लागल्या.” पोळा श्रावणी अमावास्येचा. आईचे बोलणे खरे धरले, तर ऑगस्टमध्ये ज्या दिवशी ती घटना घडली असे म्हणतात त्या दिवशी त्याला सोळावे पूर्ण झालेले नव्हते, आणि १५ वे कलम त्याला मुळी लागूच होत नव्हते. परंतु कायद्याने वयाच्या पुराव्यात शाळेच्या दाखल्याला पहिला मान दिलेला आहे, आणि वस्तीवरच्या झोपडीत झालेल्या त्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत कोणी केलेली नव्हती. बैल धुण्याची आठवण हा पुरावा होत नाही. मी ती माझ्या टिपणवहीत लिहून ठेवली, आणि आमच्या पर्यवेक्षिकाबाईंनी ती अहवालातही, आईचे कथन म्हणून, एका ओळीत ठेवली.

मुलगा बीडकडचा. दसऱ्यानंतर आईबापांचा कोयता कारखान्याच्या हद्दीत जाई तेव्हा तोही त्यांच्या मागे कोपीवर जाई, आणि वर्षातले पाच-सहा महिने त्याची शाळा बुडे; पाचवीनंतर ती सुटलीच. मग तो या शहरात एका नातलगाकडे राहून फरशी बसविणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काम करू लागला होता. त्याची बोलण्याची तऱ्हा अशी की प्रश्न विचारला की तो आधी दाराकडे बघे, मग माझ्याकडे, आणि मग शर्टाच्या बाहीत हाताची मूठ ओढून घेऊन उत्तर देई. डाव्या तळहाताच्या कडेला सिमेंटने उललेली कातडी पांढरी पडलेली होती.

प्रथम मी त्याला बिने-कामत चाचणी दिली. व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तीसच्या दशकात ती तयार केली. आमच्या मुलखातल्या मुलांना मोजण्याचे जे पहिले गंभीर प्रयत्न झाले त्यांपैकी ते एक काम, आणि त्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु ती चाचणी शब्दांवर फार चालते, आणि ज्याची शाळा दरसाल निम्मी उसात गेली त्याचे शब्द तेथे कमी पडणारच. व्यवहारातील समज पाहणाऱ्या प्रश्नांपैकी एक, रस्त्यात दुसऱ्याची वस्तू पडलेली दिसली तर काय करावे, या धर्तीचा होता. तो म्हणाला, “उचलायचीच न्हाई, ताई. मागनं आपल्यावरच येतं.” अशा प्रश्नाला गुण मिळतो तो वस्तू मालकाला किंवा पोलिसांना नेऊन द्यावी, असे सांगणाऱ्याला. मी शून्य लिहिले. तो प्रश्न ज्याच्यासाठी घडविलेला होता त्या मुलाच्या जगात पोलीस हरवलेली वस्तू परत करतात. माझ्या समोर बसलेल्या मुलाच्या जगात ते ती कोणाजवळ सापडली एवढेच विचारतात, आणि त्या जगाची त्याची समज पूर्ण होती. परिणामांची समज म्हणतात ती याहून वेगळी कोणती, हे मला त्या दिवशी कोणी सांगितले असते तर मी ऋणी झाले असते.

दुसऱ्या खेपेस मी भाटियांचा कृतिसंच नेला. त्यात रंगीत ठोकळ्यांची आकृती नमुन्याबरहुकूम जुळवावयाची असते. मी पहिला नमुना समोर ठेवला, घड्याळ हातात घेतले, आणि त्या क्षणी त्या मुलाचे सारे शरीर बदलले. मूठ बाहीतून बाहेर आली. त्याने ठोकळे उचलण्याआधी मान तिरकी करून डोळा मेजाच्या पातळीला आणला, जसा मिस्त्री फरशीची ओळ पाहतो, आणि मग कोपरा धरून तो भराभर मांडीत गेला. आकृती पुरी झाल्यावर वेळ थांबविण्यासाठी त्याने ‘झालं’ म्हणावयाचे असते. तो ते म्हणेना, कारण तो दोन ठोकळ्यांमधली फट अंगठ्याने दाबून बंद करीत होता. त्यात त्याचे काही सेकंद गेले आणि एका आकृतीत त्यामुळे गुण गेला. मी त्याला सांगितले की फट राहिली तरी चालते. तो म्हणाला, “चालत न्हाई. पाणी जातं.”

शब्दांच्या चाचणीतला आणि हाताच्या चाचणीतला त्याचा बुद्ध्यंक यांत मोठे अंतर निघाले. पर्यवेक्षिकाबाईंनी मला बजावून सांगितले की, यांपैकी एकच आकडा अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहिलास, तर वाचणारा त्यावरच थांबेल आणि खालचे पान उलटणार नाही. म्हणून दोन्ही लिही, आणि अंतर का पडले ते आधी लिही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. दुसऱ्याच भेटीत, ठोकळ्यांच्या त्या आनंदानंतर, त्याने मला विचारले, “तुम्ही हे समदं कुणाला सांगता?” आणि मी, त्याचा विश्वास मिळाल्याच्या भरात, म्हणाले, “तू मला जे सांगशील ते आपल्या दोघांतच राहील.” रुग्णालयातील कक्षात हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलेले होते आणि तेथे ते बहुतेक वेळा खरेही असे. त्याने दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि त्या रात्रीविषयी जे कोणालाच सांगितले नव्हते ते मला सांगितले. ते काय होते हे मी येथे लिहिणार नाही. तो सांगत होता तेव्हा मी काही लिहून घेतले नाही, आणि त्याच्या सांगण्यात जितके भय होते तितकाच एक सुटकेचा श्वासही होता, एवढेच सांगते.

संध्याकाळी मी बाईंसमोर बसून ही हकीकत सांगितली तेव्हा माझ्या मनात, खरे म्हणजे, कौतुकाची अपेक्षा होती. बाईंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, “तू त्याच्याकडे कोणाच्या सांगण्यावरून गेलीस?”

“मंडळाच्या पत्रावरून.”

“मग अहवाल कोणाला जाणार?”

मी गप्प राहिले.

“अगं, आपल्या हाती नसलेल्या कुलपाची हमी आपण देऊ नये,” त्या म्हणाल्या. “त्याने सांगितलेलं अहवालात जाणार नाही, कारण तिथे तो काय करून बसला हे आपल्याला विचारलेलंच नाही, आणि ते लिहिण्याचा आपल्याला अधिकारही नाही. पण त्याने उद्या सांगितलं असतं, की मी रात्री गळफास घेणार आहे, तर? तेव्हा तू ते दोघांत ठेवणार होतीस का? आणि न्यायालयाने तुला बोलावून शपथेवर विचारलं, तर? येत्या सोमवारी जा आणि त्याला खरं काय ते सांग. आधी सांगायचं होतं ते आता सांग.”

ते चार दिवस मला जड गेले. विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने १९५६ मध्ये एक विचार मांडला होता, की चोरी करणारे मूल आशा सोडलेले नसते, कारण आपले जे हरपले ते कोणाकडे तरी आहे हा विश्वास अजून त्याच्या ठिकाणी शिल्लक असतो. तो विचार मला फार प्रिय होता, मी तो परीक्षेत लिहिलाही होता; आणि आता, एक मूल आपला उरलासुरला विश्वास माझ्यापाशी ठेवून गेल्यावर, तो परत घ्यायला लावण्याचे काम माझ्याकडे आले होते.

सोमवारी मी त्याला सांगितले. मी मंडळाच्या सांगण्यावरून येते; माझ्या टिपणांतून एक अहवाल होईल, त्यावर बाईंची सही असेल आणि तो साहेबांपुढे जाईल; तू त्या रात्रीविषयी जे सांगितलेस ते त्यात मी लिहिणार नाही; परंतु सगळे आपल्यातच राहील असे जे मी म्हणाले ते म्हणण्याचा मला हक्क नव्हता, ती माझी चूक झाली. तो ऐकत राहिला. हात बाहीत गेले. “बरं,” एवढेच तो म्हणाला, आणि त्यानंतरच्या दोन भेटींत तो माझ्याशी कामापुरतेही बोलला नाही. येई, बसे, ठोकळ्यांची पेटी स्वतः उघडी, एकामागून एक आकृती मांडी, मोडी, आणि मोजणीची पावले वाजली की उठून जाई. मी समोर बसून राही. याहून अधिक काही करता येण्यासारखे होते असे मला आजही वाटत नाही. त्या दोन तासांत मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, हे मात्र बरे झाले असे वाटते.

मुदत नोव्हेंबरच्या मध्याला संपत होती. दिवाळी होऊन गेल्यावर अहवालाचा मसुदा तयार झाला, आणि बाईंच्या परवानगीने मी तो घेऊन त्याच्याकडे गेले. त्यात जे लिहिले आहे ते तुला वाचून दाखविते, चुकले असेल तर सांग, असे मी त्याला म्हणाले. परीक्षण झालेल्या मुलाला अहवाल वाचून दाखविण्याची तेथे रीत नव्हती, आणि अशा भाषेत लिहिलेला कागद त्याला कळेल तरी किती, अशी शंका अधीक्षकांनी बोलून दाखविली होती. मी एकेक वाक्य वाचून, साध्या बोलीत फोड करून, पुढे जात होते. बुद्धीच्या भागावर त्याने मान हलविली. शाळेच्या भागावर म्हणाला, “सहावीतबी गेलतो, पंधरा दिस.” मग मी कौटुंबिक परिस्थितीचा परिच्छेद वाचला आणि त्यातले वाक्य आले: ‘पालकांचा, विशेषतः वडिलांचा, आधार उपलब्ध नाही.’

“हे कुणी सांगितलं?” त्याने विचारले.

मी सांगू लागले की तुझ्या मागच्या कागदांत, तपास अहवालात, तसे आहे. वडील तारखांना हजर नव्हते असा दोन ठिकाणी शेरा आहे. तो मधेच थांबवून म्हणाला, आणि तीन आठवड्यांत प्रथमच त्याने माझ्याकडे सरळ पाहिले, “असं नका लिहू. आबा येतेत.”

मग त्याने मला समजावून सांगितले, जसे एखाद्या परमुलखातल्या माणसाला समजावतात तसे. मुकादमाची उचल अंगावर आहे. कोयत्याला खाडा पडला की हिशेबातून पैसे कापतात, आणि गाडी भरायची पाळी रात्री-अपरात्री येते, ती सोडून निघता येत नाही. तारीख कधी आहे हे आबांना फोनवर कोणी सांगितले तर कळते, नाहीतर नाही. ज्या दिवशी कारखान्यावर गाड्या अडून पडतात आणि तोड थांबते त्या दिवशी ते एस.टी. धरून येतात, पण तो दिवस भेटीचा असेलच असे नाही. “दोनदा आलते. एकदा भेट न्हाई झाली. मला खिडकीतनं दिसले.”

मी उठून फाटकापाशी गेले आणि पहारेकरीकाकांकडून ती नोंदवही मागून घेतली. पाने मागे उलटीत गेल्यावर ऑक्टोबरअखेरच्या एका मंगळवारी आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मला त्याच्या वडिलांचे नाव सापडले. सहीच्या जागी अंगठा होता, शाईचा वर्तुळाकार डाग ओळीच्या खाली ओघळलेला. पहिल्या नोंदीपुढे ‘भेटीचा वार नाही, परत’ असा शेरा. आणि तिसऱ्या सदरात, कामाचे स्वरूप म्हणून, काकांच्या त्याच वळणदार अक्षरात, दोन्ही वेळा लिहिलेले होते: ‘मुलास पाहणे’. त्याच पानांवर, दोन ओळी वर, चार ओळी खाली, माझ्या सह्या होत्या. त्या वहीत मी दर आठवड्याला दोनदा वाकून लिहीत होते, आणि ज्या मुलाच्या बापाविषयी मी अहवालात वाक्य घातले त्याचा अंगठा माझ्या हाताखाली होता.

दप्तरातले वाक्य मी दप्तरातून उचलून घेतले होते. ते कोणी खोडसाळपणाने लिहिलेले नव्हते. तारखेला माणूस हजर नव्हता ही गोष्ट खरी, पण ‘हजर नव्हता’ याचे ‘आधार नाही’ झाले ते एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाताना, आणि माझ्या हातून ते मानसशास्त्रीय अहवालात आले असते तर त्याला शास्त्राचे वजन मिळाले असते. मंडळाला मूल कोणाच्या ताब्यात द्यावे, जामिनावर सोडावे की नाही, हे ठरविताना ते वाक्य किती जागा अडवून बसले असते याची कल्पना मला त्या फाटकापाशी उभी असताना आली. नवे वाक्य बाईंनी सुचविले आणि मी ते लिहिले: वडील ऊसतोडणीच्या कामावर असून, वेतनातील कपात व प्रवासाचा खर्च सोसून, या काळात दोन वेळा मुलास भेटण्यासाठी आल्याची नोंद संस्थेच्या वहीत आहे. त्यापुढे नोंदीच्या दोन्ही तारखा. मग तो अहवाल बाईंच्या सहीने गेला आणि मंडळाच्या कचेरीतील बारनिशीत त्याला क्रमांक पडला.

मंडळाचा निर्णय माझ्या मुदतीत झाला नाही. तारीख पुढे गेली, आणि नंतर आणखी पुढे. डिसेंबरात त्याची माझी भेट होत राहिली. तो पुन्हा बोलू लागला होता, पण पूर्वीसारखा नव्हे, आता एखादी गोष्ट सांगण्याआधी तो विचारी, “हे लिवणार का?” आणि माझे उत्तर ऐकून मग सांगायचे की नाही ते ठरवी. पहिल्या दिवसांतला तो भाबडा विश्वास परत आला नाही, आणि मला वाटते तो न येणेच योग्य होते. जे आले ते आम्ही दोघांनी मिळून, अटी माहीत करून घेऊन, ठरविलेले होते.

२७ डिसेंबर, गुरुवार, हा माझा तेथला शेवटचा दिवस. मी त्याला ते महिनाभर आधीपासून सांगत आले होते. तरी त्या दिवशी ठोकळे पेटीत भरता भरता त्याने विचारले, “सोमवारी येणार न्हाई?”

“नाही. माझ्या जागी दुसऱ्या ताई येतील.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. पोलीस, मग सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, मग साहेब, मग परिविक्षा अधिकारी, मग मी. तो बोटे मोजीत असावा असे मला वाटले. “त्यांनाबी पयल्यापासनं समदं सांगावं लागंल?”

मला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते आणि ते मला सांगवेना. मी टिपणवहीतला एक कोरा कागद फाडला आणि त्याला म्हणाले, की त्या ताईंना तुझ्याविषयी आधी काय कळावे असे तुला वाटते ते तू सांग, मी तुझ्याच शब्दांत लिहिते, आणि तो कागद तुझ्या परवानगीने मी त्यांच्या हाती देईन. त्याने खुर्ची मेजाजवळ ओढली. माझ्या हातातली लेखणी कागदावर टेकलेली आहे की नाही हे त्याने वाकून, डोळा मेजाच्या पातळीला आणून, पाहिले. व्हरांड्यात दुपारच्या मोजणीची पावले वाजू लागली होती, आणि या वेळी तो उठला नाही.

“लिवा,” तो म्हणाला. “पयलं लिवा, आबा येतेत.”